घरच्या सर्व्हरवर कुठली ओएस टाकायची: माझे दोन महिने आणि अप्पांचा एक प्रश्न

मशीन घरी आलं त्या दिवशी अप्पांनी एकच विचारलं, "पाणी आलं तर ह्याचं काय करायचं?"

अप्पा म्हणजे माझे सासरे. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. आम्ही आता विश्रामबागला राहतो, इथं आमच्या गल्लीत पाणी येत नाही, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गावभागातल्या जुन्या घरात होतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि त्या वेळी कृष्णा गेलेली ५७ फुटांच्या वर, त्यामुळं त्या घराचं काय झालं ते सांगलीकराला वेगळं सांगायला नको. खालच्या खोलीतला दुकानाचा कॉम्प्युटर आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या वह्या दोन्ही पाण्यात गेलं. वह्या अप्पांनी नंतर गच्चीवर एकेक पान सुटं करून वाळवल्या, शाई फुटलेली पण आकडे लागत होते. कॉम्प्युटरच्या डिस्कमधनं काहीच निघालं नाही. तेव्हापासनं त्यांचा वहीवर भरवसा जास्त आणि मशीनवर कमी, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

मला सर्व्हर, म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारं मशीन, हवा होता तो मुळात माझ्या कामासाठी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, पुण्याच्या एका कंपनीसाठी घरनंच. तेच ॲप विंडोज १० वर, विंडोज ११ वर, उबंटूवर चालवून बघायचं, म्हणून डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये चार व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर, ठेवलेले. एका रात्री टेस्ट लावून झोपले आणि मध्येच डेस्कटॉप आपोआप रीस्टार्ट झाला, सकाळी बघते तर एका व्हीएमची डिस्क फाइल खराब, तीन दिवसांचं सेटअप गेलं. शिवाय डेस्कटॉप रात्रंदिवस चालू ठेवायचा म्हणजे लाइटबिल. प्लगमध्ये मीटर लावून बघितलं तर ६५ वॅट, म्हणजे महिन्याला ४७ युनिटच्या आसपास, नुसतं चालू राहण्यासाठी.

मग एक रिफर्बिश्ड मिनी पीसी घेतला, आय-५ ८५००टी, सहा कोरचा, जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा. १६ जीबी रॅम होती त्यात आणखी १६ टाकली, ५१२ जीबीची एनव्हीएमई आतच होती आणि ४८० जीबीची साटा एसएसडी माझ्याकडची बसवली. निवांत असताना १४ वॅट खातो, महिन्याला दहा युनिट. ठेवलाय वरच्या मजल्यावर लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, अप्पांचं समाधान व्हावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझंही.

आता ओएस, म्हणजे मशीनवरची मूळ सिस्टम, कुठली. मला वाटलेलं शनिवार-रविवारात होईल. दोन महिने गेले, जून आणि जुलै २०२५, आणि त्यातला बराच वेळ मी चुकीचा प्रश्न विचारण्यात घालवला, की सगळ्यात चांगली कुठली. कुठल्यात फीचर जास्त, कुठली वेगवान, मोठ्या कंपन्यांत काय वापरतात. ह्या सगळ्याचा माझ्या घराशी काही संबंध नव्हता. माझ्या घरात प्रश्न असा होता की मी माहेरी कोल्हापूरला गेलेली असताना लाइट गेली आणि आली, तर हे मशीन स्वतःहून उभं राहणार का, आणि नाही राहिलं तर अप्पा किंवा नवरा काय करू शकणार.

म्हणून मग मी एक रीतच ठरवली. प्रत्येक ओएस टाकायची, त्यावर एक विंडोजचा आणि एक लिनक्सचा व्हीएम करायचा, व्हीएम चालू असताना सरळ प्लग काढायचा. परत लावल्यावर काही न करता दोन्ही व्हीएम उठतायत का बघायचं. मग व्हीएमचा बॅकअप घ्यायचा, व्हीएम पूर्ण उडवायचा आणि बॅकअपवरनं परत आणायचा. हे सगळं झाल्यावर मोबाइल नवऱ्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, हा व्हीएम बंद करून चालू कर, मी काही सांगणार नाही. तो कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये आहे, मशीनची समज आहे पण कॉम्प्युटरचं काही वेड नाही, त्यामुळं परीक्षेला बरोबर माणूस.

पहिल्याच दिवशी अडले ते ओएसच्या आधीच. व्हीएम सुरू होईना, व्हर्च्युअलायझेशन उपलब्ध नाही असा एरर. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय बंद होता, जुन्या ऑफिसमधनं आलेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा असतो. तिथंच शेजारी व्हीटी-डी (व्हीएमला थेट हार्डवेअर देता यावं म्हणून असतं ते) पण चालू केलं, आणि वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय, तो तर सगळ्यात आधी शोधा. तो बंद असेल तर कुठलीही ओएस टाका, लाइट आल्यावर मशीन तसंच पडून राहणार.

मशीनबरोबर विंडोज प्रोचं लायसन्स आलेलं, त्यात हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) फुकट असतं, म्हणून सुरुवात त्यानं केली. चालतं छान, विंडोजचे व्हीएम तर फारच सुरेख. पण खाली पूर्ण विंडोज डेस्कटॉप सांभाळायचा म्हणजे मी ज्यातनं बाहेर पडायला बघत होते त्यातच परत. हायपर-व्हीची नुसती सर्व्हरवाली फुकट आवृत्ती पूर्वी मिळायची पण २०१९ ची आवृत्ती शेवटची, त्यानंतर काढलीच नाही. जे पुढं वाढणार नाही त्यावर आज नवीन घर बांधायचं मला पटेना.

मग ईएसएक्सआय, व्हीएमवेअरची खास व्हीएम चालवायची ओएस. आमच्या कंपनीत हेच होतं म्हणून माझ्या मनात त्याला मान होता. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर घेतली, फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटची आवृत्ती बंद झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली. म्हणजे मी बघत होते तेव्हा ती मिळत होती, टाकली पण, आणि दगडासारखी स्थिर वाटली. प्लग काढायची परीक्षा पण पास. अडलं कुठं, तर फुकटच्या लायसन्समध्ये बॅकअप सॉफ्टवेअरला जो दरवाजा लागतो तो बंद असतो. म्हणजे चालू व्हीएमचा व्यवस्थित बॅकअप रोज रात्री आपोआप, हे सरळ मार्गानं होत नाही. आमच्या घरात बॅकअपशिवाय काहीच नको, त्यामुळं तिथंच थांबले. आणि ज्यांच्या मशीनला रिअलटेकचं नेटवर्क कार्ड आहे त्यांनी आधी बघून घ्या, ईएसएक्सआयमध्ये त्याचा ड्रायव्हर येत नाही, माझ्यात इंटेलचं होतं म्हणून निभावलं.

ट्रूनॅस स्केल एका मैत्रिणीनं सुचवलं, तिच्याकडं चार डिस्कचं मशीन आहे आणि तिच्यासाठी ते बरोबरच आहे. पण ट्रूनॅसला बूटसाठी वेगळी डिस्क लागते, त्या डिस्कवर तुमचा डेटा ठेवता येत नाही. माझ्याकडं जागाच दोन डिस्कची, त्यातली एक नुसती बूटला दिली तर उरलं काय. शिवाय नेमकं त्याच सुमाराला त्यांच्याकडं व्हीएमची मांडणीच बदलत होती, २५.०४ मध्ये नवीन पद्धत आणली आणि मग जुनीही परत आणावी लागली. स्टोरेज हे त्यांचं खरं काम, व्हीएम हे जोडकाम, आणि माझं उलटं.

एक्ससीपी-एनजी मला मनापासून आवडलं. झेन हायपरव्हायजरवर (व्हीएम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) आहे, फ्रान्समधली वेट्स कंपनी सांभाळते, २०१८ पासनं. व्हीएम आणि व्यवस्था ह्यांतली भिंत फार नीट बांधलेली. पण पूर्ण ताकदीनं चालवायचं तर झेन ऑर्केस्ट्रा हे व्यवस्था बघायचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते सहसा स्वतःच एक व्हीएम म्हणून चालवतात. दहा मशीन असतील तर ह्यात काहीच अडचण नाही. एकच मशीन असेल तर कुलूप लावून किल्ली आतच ठेवल्यासारखं होतं, तो व्हीएम उठला नाही तर बाकीच्यांना बघायचं कुठनं. ८.३ मध्ये त्यांनी एक्सओ लाइट नावाचं छोटं पान मशीनमध्येच दिलंय, त्यावरनं व्हीएम चालू-बंद होतात, पण बॅकअपचं काम त्यावर होत नाही.

आणि मग उबंटू सर्व्हर, त्यावर केव्हीएम आणि ते सांभाळणारं लिबव्हर्ट. इथं मी पंधरा दिवस रमले आणि आजही कुणी विचारलं तर म्हणेन की शिकायचं असेल तर ह्यानंच सुरू करा. केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० मध्ये आलं, म्हणजे हायपरव्हायजर वेगळा बसवायचाच नाही, कर्नलमध्येच आहे. कॉकपिट टाकलं की ब्राउझरमध्ये व्हीएम दिसतात. सगळं हातानं केल्यामुळं ब्रिज (व्हीएमना घरच्या नेटवर्कला जोडणारा दुवा) म्हणजे काय, व्हीएमची डिस्क कुठं असते, ती क्यूकाऊ२ फाइल म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा नीट कळलं. इतकी वर्षं व्हीएम वापरत होते पण हे माहीत नव्हतं.

एका रात्री खालच्या खोलीत बसून नेटवर्कचा ब्रिज बदलत होते. नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये दोन स्पेस कमी पडल्या आणि मशीन नेटवर्कवरनं गायब. रात्री साडेअकराला नवऱ्यानं मॉनिटर वर नेला, मी कीबोर्ड घेऊन स्टुलावर उभी, कपाटावर वाकून फाइल दुरुस्त करतेय. नेटप्लॅन ट्राय नावाची कमांड आहे, ती बदल करून दोन मिनिटं वाट बघते आणि आपण हो म्हटलं नाही तर जुनं परत आणते, ती वापरायला हवी होती. पण स्टुलावर उभं असताना मला जे लख्ख दिसलं ते वेगळंच होतं. हे सगळं फक्त माझ्या डोक्यात आहे. बॅकअपची स्क्रिप्ट मी लिहिलेली, ब्रिज मी बांधलेला, सहा महिन्यांनी मलाच आठवणार नाही आणि घरात दुसऱ्या कुणाला तर शक्यच नाही.

तिथनं प्रॉक्समॉक्सकडं आले. खाली डेबियन लिनक्स, आत तेच केव्हीएम, म्हणजे शिकलेलं काही वाया गेलं नाही. व्हिएन्नातल्या कंपनीचं, २००८ पासनं मिळतंय, सोर्स सगळा खुला. बसवायला पंधरा मिनिटं, मग ब्राउझरमध्ये आयपीच्या पुढं ८००६ पोर्ट टाकला की सगळं एका पानावर. लॉगिनला दर वेळी सबस्क्रिप्शन नाही असा निरोप येतो, ओके म्हणायचं आणि पुढं जायचं, काही बंद होत नाही. फक्त रिपॉझिटरी (अपडेट जिथनं येतात ती जागा) बदलून नो-सबस्क्रिप्शनवाली लावावी लागते, नाहीतर अपडेट घेताना एरर येतो.

विंडोजचा व्हीएम करताना सगळे जिथं अडकतात तिथं मीही अडकले, सेटअपमध्ये डिस्कच दिसत नाही. व्हर्टआयओच्या ड्रायव्हरची आयएसओ दुसरी सीडी म्हणून जोडायची, लोड ड्रायव्हर म्हणायचं आणि त्यातनं स्टोरेजचा ड्रायव्हर द्यायचा, की लगेच डिस्क येते. नेटवर्कचा ड्रायव्हर आणि गेस्ट एजंट पण त्याच आयएसओतनं घालून टाका. गेस्ट एजंट असला की होस्टवरनं शटडाउन म्हटल्यावर विंडोज नीट बंद होतं.

परीक्षेत प्लग काढला, लावला, अडीच मिनिटांत दोन्ही व्हीएम उभे. व्हीएमच्या ऑप्शनमध्ये स्टार्ट ॲट बूट आणि खाली क्रम पण देता येतो, आधी लिनक्सवाला आणि एक मिनिटानं विंडोज. बॅकअप घेतला, व्हीएम डिलीट केला, रिस्टोअरचं बटण दाबलं, आला. मोबाइल नवऱ्याला दिला. त्यानं डावीकडची यादी बघितली, "हिरव्या त्रिकोणाचा चालू आहे ना?" म्हणाला आणि बंद करून चालू करून दाखवला. मी एक शब्द बोलले नव्हते. माझ्यासाठी निवड तिथंच झाली.

डिस्कचं मात्र मी बरंच घोळवलं. इन्स्टॉल करताना झेडएफएस ह्या फाइलसिस्टमच्या मिररचा मोह होतो, दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी चालू. झेडएफएस चांगलंच आहे, स्नॅपशॉट सुरेख, डेटा सडला तर कळतं. पण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. पाणी आलं, आग लागली, कुणी मशीनच उचलून नेलं तर दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत. आणि साध्या एसएसडीवर झेडएफएसचं लिहिणं जास्त होतं, ती लवकर झिजते. म्हणून एनव्हीएमईवर साधं ईएक्सटी४ आणि एलव्हीएम-थिन ठेवलं, साटा डिस्क पूर्ण बॅकअपला दिली, रोज रात्री दोन वाजता. एलव्हीएम-थिनचं एकच सांभाळायचं, व्हीएमना मिळून खरी आहे त्यापेक्षा जास्त जागा वाटता येते आणि ती भरली तर व्हीएम जागच्या जागी अडकतात, त्यामुळं ऐंशी टक्क्यांच्या वर मी जाऊ देत नाही.

लाइटचा भाग मला कुणी लिहिलेला सापडला नाही म्हणून जरा सविस्तर. यूपीएसला यूएसबी केबल असली तर एनयूटी बसवा आणि विषय संपला, बॅटरी संपत आली की ते मशीन नीट बंद करतं. पण आपल्याकडं घरोघरी असतो तो इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी, त्याला कसली केबल. एक तर त्याच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू करा, नाहीतर लाइट जाता-येताना मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. दुसरं, लाइट गेलीय हे सर्व्हरला कळणार कसं? मी एक जुना राउटर इन्व्हर्टरवर नसलेल्या प्लगला लावला, लॅनमध्येच जोडलेला, आणि सर्व्हरवरची छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला त्याला पिंग करते. सलग दोन तास उत्तर आलं नाही तर लाइट नाही असं समजून व्हीएम बंद करून मशीन बंद.

ह्यात एक खोच निघाली. इन्व्हर्टर शिल्लक असतानाच मशीन बंद झालं तर त्याच्या दृष्टीनं वीज कधी गेलीच नाही, त्यामुळं बायोसमधलं वीज आल्यावर चालू हो ते लागू पडत नाही, आणि मशीन बंदच राहतं. उपाय बायोसमध्येच होता, रोज ठरलेल्या वेळी चालू व्हायचा पर्याय. सकाळी साडेसहाची वेळ लावली. त्याच्या आधी हवं असेल तर बटण.

बटण दाबायची वेळ एकदा आलीच, पण वेगळ्याच कारणानं. मी कोल्हापुरात होते आणि अप्पांचा फोन, "अगं, तुझं ते मशीन गप झालंय बघ. दिवा हाय, पण दुकानाचं उघडंना."

"अप्पा, समोरचा पांढरा दिवा लागलाय का? आणि मागं वायर घुसलीय तिथलं लुकलुकतंय का?"

"पांढरा लागलाय. मागचं लुकलुकतंय कधी, कधी नाही."

"मग समोरचं बटण एकदाच दाबून सोडा. धरून ठेवू नका हं. दिवा गेला की पुन्हा एकदा दाबा."

पाच मिनिटांत चालू झालं. घरी येऊन लॉग बघितला तर हार्डवेअर युनिट हँग असं ओळीनं लिहिलेलं, ई१०००ई ह्या नेटवर्क ड्रायव्हरचा प्रकार, मोठी फाइल नेटवर्कवरनं जाताना कार्ड अडकतं. त्या दिवशी मी माझ्या लॅपटॉपवर बॅकअपची प्रत ओढत होते तेव्हाच झालेलं. एथटूल कमांडनं त्या पोर्टचं टीएसओ आणि जीएसओ (मोठ्या डेटाचे तुकडे पाडायचं काम पुढं ढकलणारे पर्याय) बंद केलं, बूटला आपोआप लागावं म्हणून इंटरफेसच्या फाइलमध्ये ओळ टाकली, त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही.

तोपर्यंत दुकानाचे हिशोब पण सर्व्हरवर आलेले, टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरनं सरेंडर करून व्हीएमवर घेतलं. अप्पा संध्याकाळी घरच्या जुन्या लॅपटॉपवरनं उघडतात. वही ते अजून लिहितात, आणि मी त्यांना ती बंद करा म्हणणार नाही. कपाटाच्या दाराला आतनं एक कागद चिकटवलाय, माझ्या अक्षरात मोठ्यानं लिहिलेला, दिवा नसेल तर काय, दिवा असून चालत नसेल तर काय, एवढंच.

ऑगस्टमध्ये प्रॉक्समॉक्सची ९ आवृत्ती आली, मी घाई केली नाही, दिवाळीच्या सुट्टीत घेतली. आधी पीव्हीई८टू९ नावाची तपासणीची स्क्रिप्ट चालवली, तिनं दाखवलेल्या दोन गोष्टी दुरुस्त केल्या, आणि अपग्रेडच्या आधी सगळ्या व्हीएमची प्रत एका पोर्टेबल डिस्कवर काढली. ती डिस्क विट्याला नणंदेकडं ठेवायची असं ठरलेलं, विट्यात पूर येत नाही, तिथं पाण्याची वाट बघतात.

डिस्क द्यायच्या आधी अप्पा म्हणाले, "ह्यात खरंच हाय का सगळं, का नुसतं नाव?"

प्रश्न बरोबर होता. त्यांच्यासमोर बसून त्या डिस्कवरनं हिशोबाचा व्हीएम नवीन नंबरनं रिस्टोअर केला, नेटवर्क काढून, म्हणजे चालू असलेल्याशी टक्कर नको. अकरा मिनिटं लागली. ते खुर्ची ओढून शेजारीच बसले, बार पुढं सरकताना बघत. टॅली उघडलं तर मी एज्युकेशनल मोड (लायसन्स नसल्यावर येतो तो) आलाय का वगैरे बघत होते, त्यांनी मला थांबवलं आणि खिशातनं चिठ्ठी काढली. वहीतनं तीन खात्यांच्या बाकी उतरवून आणलेल्या. पहिलं खातं जुळलं, दुसरं जुळलं, तिसऱ्याला त्यांनी चष्मा वर केला आणि स्क्रीनवर बोट ठेवून आकडा दोनदा वाचला.

"बरोबर हाय," म्हणाले, आणि डिस्क जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं ते स्वतःच विट्याला घेऊन गेले.